बॅक्टेरियापासून जांभळा रंग काढलाय, कापड रंगवलंय, पुढं काय करावं ते सांगा

सई_रंकाळा

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं कितीतरी दिवस डोक्यात होतं, आज कॉलेजला सुट्टी आहे तर बसलेच लिहायला. मी कोल्हापुरात एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. वडील इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर, तीस वर्षं होते, त्यामुळं रंग हा विषय घरात लहानपणापासून. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या नाहीतर किरमिजी असायच्या आणि आज कुठली शेड चालू होती ते आम्ही बहिणी त्यांचे हात बघून ओळखायचो.

तर मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. जँथिनोबॅक्टेरियम लिविडम नावाचं एक कल्चर आम्ही प्रॅक्टिकलसाठी मागवलं होतं. हा बॅक्टेरिया माती-पाण्यात असतो, काही बेडकांच्या आणि सॅलॅमँडरच्या कातडीवरही असतो आणि तिथं तो त्यांना बुरशीपासून वाचवतो. मुलांनी सवयीनं दोन प्लेटी इनक्युबेटरला ३७ वर ठेवल्या, तिसरीला आत जागा नव्हती म्हणून ती खिडकीजवळच्या ओट्यावर राहिली, आणि सगळे सुट्टीला गेले. परत येऊन बघतोय तर आतल्या दोन्ही प्लेटी कोऱ्या, काहीच नाही, आणि ओट्यावरची प्लेट जांभळीगर्द. म्हणजे अगदी पिकलेल्या जांभळाची साल असते ना तसा रंग, मधे काळपट, कडेला निळसर झाक, आणि लूप (तारेची छोटी कडी) लावला की कॉलनी रबरासारखी ओढली जायची. याला गारवा लागतो, विशी-पंचविशीत खूश असतो, ३७ ला वाढतच नाही. कोल्हापूरची थंडी त्याला मानवली.

या रंगाचं नाव व्हायोलासिन. ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, त्यातून हा बॅक्टेरिया तो तयार करतो. पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो.

मग नादच लागला. आपल्याकडं गूळ मुबलक, म्हणून पहिल्यांदा गुळाच्या पाण्यात वाढवून बघितलं. वाढ झकास झाली, फ्लास्क दुधासारखा गढूळ, पण रंग फिक्का, नुसती जांभळट छटा. वाचल्यावर कळलं की ग्लुकोजसारखी साखर दिली की हा रंग करायचा कमी होतो आणि ग्लिसरीन दिलं की वाढतो. ग्लिसरीन घालून केलं तर तिसऱ्या दिवशी ब्रॉथच्या (बॅक्टेरिया वाढवायच्या पातळ खाद्याच्या) वरच्या काठाला, जिथं हवा लागते तिथं, काचेला जांभळी रिंग धरली. ती बघून लॅबमधल्या मावशीसुद्धा थांबल्या, म्हणाल्या मॅडम हे काय मंजन काय.

पाच फ्लास्क मिळून एक लिटर ब्रॉथ झालं. पेशी खाली बसवून त्यांच्याबरोबरच पांढऱ्या सिल्कचा तुकडा उकळला. शिंप्याकडून ब्लाऊजपीसचं उरलेलं कापड आणलं होतं, वजन करून चार ग्रॅम. जपानमध्ये २००० साली ही पद्धत छापून आलेली आहे, तिथं तर हा बॅक्टेरिया ओल्या रेशमाच्या धाग्यावरच सापडला होता, धागा निळा-जांभळा कशानं पडला ते शोधताना. उकळल्यानं बॅक्टेरिया मरतातही आणि रंगही चढतो. सिल्क सुंदर रंगलं. सुती कापड मात्र नुसतं डागाळल्यासारखं झालं.

आता प्रश्न असा की हे कॉलेजच्या ओट्यावरून पुढं न्यायचं कसं. इथं इचलकरंजीची, हुपरीची, कागलची माणसं आहेत, टेक्स्टाइलवाले आहेत, शेतकरी आहेत, सगळ्यांनी बोला. पंचगंगेत जे जातंय ते बघत मी मोठी झालेय, त्यातलं थोडं जरी कमी करता आलं तर मला हे करायचंय.

जिगरवाला

सई ताई, आधी तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मी पण जिगरवरनंच सुरुवात केली, आता एका युनिटला डाईंग मास्टर आहे, पस्तीस वर्षं झाली या लाईनीत. जे लिहितोय ते नाउमेद करायला लिहीत नाही, हिशोब मांडतोय फक्त.

एक किलो कापडाला एक टक्का शेड म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध रंग. आता समजा तुमच्या एका लिटर ब्रॉथमधनं शंभर मिलिग्रॅम रंग निघतो असं धरू, मी जरा सढळच धरतोय. तर एक किलो कापडाला शंभर लिटर ब्रॉथ लागलं. आता आमच्याकडं बघा, जिगरला एमएलआर, म्हणजे कापडाच्या वजनाला रंगाच्या पाण्याचं प्रमाण, एकास तीन ते पाच असतो, रंगाचं पाणी कमीच लागतं, पण नंतरचे सगळे वॉश, सोपिंग, न्यूट्रल धरून किलोला साठ-सत्तर ते शंभर लिटर पाणी जातं. म्हणजे तुमचं पाणी तर तेवढंच झालं की! आणि वर फ्लास्कला थंडावा द्यायचा, हलवत ठेवायचं, हवा द्यायची, त्याची लाईट वेगळी. बॅक्टेरियाचा आहे म्हणून आपोआप पर्यावरणाचा भला होतो असं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

पण आमची बाजू पण सांगतो. रिॲक्टिव्ह रंगात, म्हणजे सुतीला वापरतात त्या केमिकलच्या रंगात, शंभर ग्रॅम टाकला तर शेडप्रमाणं वीस-तीस ग्रॅम, कधी जास्तच, कापडाला न धरता हायड्रोलाइझ होऊन (पाण्याशीच रिॲक्शन होऊन) मोरीत जातो. आणि तो कापडावर चढावा म्हणून गडद शेडला लिटरला साठ-सत्तर ग्रॅम मीठ टाकतो आम्ही, वर सोडा ॲश. रंग सीईटीपीत (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) निघतो एखादवेळी, मीठ निघत नाही. लोक रंगीत पाणी बघून बोंब मारतात पण खरं दुखणं मीठाचं आहे, ते दिसत नाही, शेतात गेलं की जमीन पांढरी पडते तेव्हा कळतं. तुमच्या रंगाला मीठ लागत नसंल तर तिथं माझे कान टवकारले. मीठ लागलं का सिल्कला?

सई_रंकाळा

काका, एक चमचाभरसुद्धा नाही. पाणी, पेशी आणि कापड, बस. आणि हिशोब अगदी बरोबर केलात, एक लिटरमध्ये माझं चार ग्रॅम सिल्क रंगलं, म्हणजे किलोला अडीचशे लिटर, तुमच्यापेक्षा वाईटच आकडा आलाय माझा. तो इथं लपवणार नाही.

वळीव_शिरोळ

मला यातलं शास्त्र कळत नाही पण एक विचारायचंय. वळवाचा पहिला पाऊस पडला की रानातनं जो वास येतो तो पण बॅक्टेरियाचाच असतो असं मुलगीच्या पुस्तकात होतं. त्यातनं रंग निघतो का? कारण आमच्या बांधावर काळी माती भरपूर, हवी तेवढी न्या.

सई_रंकाळा

दादा फार छान विचारलंत! तो वास जिओस्मिनचा, आणि तो करणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे बॅक्टेरिया मुख्य. त्यांच्यातलाच एक, स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर, निळा रंग करतो, ॲक्टिनोरोडिन त्याचं नाव. प्लेटवर आधी पांढरी भुकटी टाकल्यासारखा दिसतो, मग खाली अगरमध्ये (प्लेटीतल्या जेलीत) निळाई झिरपायला लागते आणि झाकण उघडलं की खोलीभर ओल्या रानाचा वास. गंमत म्हणजे तो रंग आंबट झाला की लाल आणि सोड्याकडं गेला की निळा, जास्वंदीचं पाणी कसं आंबटात आणि सोड्यात रंग बदलतं, तसंच काहीसं. लंडनमध्ये नात्साई ऑड्री चिएझा नावाची एक डिझायनर आहे, तिनं हाच बॅक्टेरिया थेट सिल्कवर वाढवून कापड रंगवलंय. कापडाला जशा घड्या घालाल, जिथं पेशी बसतील, तिथं तसा रंग उतरतो, दोन कापडं एकसारखी होत नाहीत.

तुमच्या बांधावरची माती नक्की घेईन, वळीव पडला की सांगा. मातीतनं वेगळे काढायला वेळ लागतो, मुलांना प्रोजेक्ट होईल.

लॅबकोट

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं कल्चर वाचतोय. धागा आवडला पण एक गोष्ट ठळक लिहिणं गरजेचं वाटतं कारण हे वाचून पोरं घरी करायला जातील.

सगळे रंगीत बॅक्टेरिया सारखे नसतात. बाथरूमच्या टाइलच्या फटीत, नळाच्या तोंडाला गुलाबी बुळबुळ येते ना, तो बऱ्याचदा सेरॅशिया मार्सेसेन्स असतो. त्याचा लाल रंग प्रोडिजिओसिन, लई सुरेख, त्यावर कापड रंगवायचे शेकडो प्रयोग झालेत. १८१९ मध्ये इटलीत पादुआजवळ लोकांच्या मक्याच्या लापशीवर लाल थेंब दिसायला लागले, लोक दैवी कोप समजले, तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओनं शोधून काढलं की हे सजीवाचं काम आहे. अनेक वर्षं त्याला निरुपद्रवी समजून प्रयोगात वापरायचे. आज आमच्याकडं आयसीयूतल्या पेशंटच्या लघवीत, रक्तात, कॅथेटरवर तोच सापडतो. आणि आमच्या इनक्युबेटरला ३७ वर तो बहुतेक वेळा लाल दिसतच नाही, रंग पंचवीस-तीसला धरतो, त्यामुळं नवीन माणूस फसतो.

दुसरं, जांभळा बघून सगळा जँथिनोबॅक्टेरियम समजू नका. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम पण तोच व्हायोलासिन करतो, उष्ण भागातल्या माती-पाण्यात असतो, त्याचं इन्फेक्शन क्वचित होतं पण झालं तर रक्तात पसरतं आणि माणूस हाताला लागत नाही. म्हणून नदीकाठची माती आणून घरी प्लेट लावायची आणि जांभळं दिसलं की आनंदानं बोटानं उचलायचं, हे कृपा करून कुणी करू नका. ओळख पटलेलं कल्चरच घ्या. कॉलेजांना पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएमकडून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून, म्हणजे कल्चर जपून ठेवणाऱ्या संस्थांकडून, मिळतं. आणि काम झालं की सगळं ब्रॉथ १२१ डिग्रीला पंधरा पौंडांवर वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करूनच मोरीत.

सई_रंकाळा

लॅबकोट सर, मनापासून धन्यवाद. हे मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आमच्याकडं सेरॅशिया फक्त एमएस्सीची मुलं, ग्लोव्ह्ज घालून, हुडमध्ये (लॅबच्या बंदिस्त सुरक्षित कपाटात), एवढंच. आणि शिरोळच्या दादांच्या मातीचं काम पण लॅबमध्येच होईल, घरी नाही.

सेरॅशियावर एक अनुभव सांगते. त्या लाल रंगाचा एक रुमाल केला होता, अगदी कुंकवासारखा. मावशींनी तो कपड्याच्या साबणानं धुतला आणि रुमाल त्यांच्या हातात पिवळा-केशरी झाला. त्या रडकुंडीला आल्या, त्यांना वाटलं आपण पोरांच्या प्रयोगाचं वाटोळं केलं. मी व्हिनेगरचं पाणी केलं, त्यात बुडवला, परत लाल. प्रोडिजिओसिन सोड्यात पिवळट, आंबटात लाल असतो. बघायला मजा, पण ज्या कपड्याचा रंग निरमा लावला की बदलतो तो कपडा विकायचा कुणाला. उन्हात तर तो आठवड्यात उडालाच.

चांगभलं_९७

ताई नाद खुळा काम! माझा एकच पॉइंट. चैत्र यात्रेला जोतिबावर किती गुलाल उधळला जातो सगळ्यांना माहिती, अख्खा डोंगर गुलाबी होतो, आणि घरी येऊन दोन दिवस नाकातनं गुलाबीच निघतं. त्यातला कितीतरी केमिकलचा. बॅक्टेरियाचा गुलाल करता येईल का? आमचा ग्रुप पहिली दहा पोती घेईल, शब्द देतो.

लॅबकोट

भावा भावना पोचली पण गुलाल डोळ्यात, नाकात, लहान पोरांच्या तोंडात जातो. कापडाला चालणारा रंग तोंडाला चालतोच असं नाही. व्हायोलासिन, प्रोडिजिओसिन हे जिवंत पेशींवर परिणाम करणारे रंग आहेत, बॅक्टेरिया ते शोभेसाठी करत नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय उधळायला नको.

सई_रंकाळा

लॅबकोट सरांशी सहमत. पण बॅक्टेरियाचा खाण्यायोग्य रंग आहे बरं का एक. स्पिरुलिना! लोक शेवाळ म्हणतात पण तो सायनोबॅक्टेरिया आहे. त्यातला निळा रंग फायकोसायनिन, अमेरिकेत एफडीएनं (अन्न-औषधांच्या सरकारी खात्यानं) २०१३ मध्ये गोळ्या आणि च्युइंगमसाठी मंजूर केला. अडचण एवढीच की प्रोटीन असल्यामुळं साठ डिग्रीच्या पुढं तापवला की फिका पडतो, उन्हातही टिकत नाही. त्यातनं गुलाबी होणार नाही पण रंगपंचमीला निळा करून बघता येईल. गुलाबीसाठी मक्याच्या पिठात बिटाचा रस वाळवून मुलांनी केलाय, तो बॅक्टेरियाचा नाही, तरी पाहिजे तर कृती देते.

नीळ_आणि_टाकळा

उशिरा आलो धाग्यावर. मी हातमागाच्या कापडावर नैसर्गिक रंगांचं काम करतो, हळद, मंजिष्ठ, डाळिंबाची साल, हिरडा आणि मुख्यतः नीळ. सई ताईंच्या लिखाणात एक गोष्ट राहिली असं वाटतं ती मांडतो, जरा लांबेल.

बॅक्टेरियाकडून रंगकाम करून घेणं नवीन नाहीच मुळी. निळीची वडी पाण्यात विरघळत नाही, घासून घासून टाकली तरी तळाला बसणार. ती कापडात शिरायची तर तिच्यातला ऑक्सिजनचा संबंध तोडावा लागतो, आणि हे काम जुन्या माठात बॅक्टेरियाच करतात. दक्षिणेकडं यासाठी टाकळ्याचं बी शिजवून माठात घालतात, वर चुना. हो, तोच टाकळा, आषाढात आपण ज्याची भाजी खातो. बी आंबलं की माठातलं पाणी निळं राहत नाही, हिरवट-पिवळं होतं, वर तांब्यासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि वासावरनं कळतं माठ लागला म्हणून. त्यात सूत बुडवलं की पिवळं-हिरवं बाहेर येतं आणि हवेत धरल्यावर डोळ्यांदेखत निळं होत जातं. मी हे हजारदा बघितलं असेल, अजून दर वेळी हातातलं काम सोडून बघत उभा राहतो. माठाला आमच्याकडं लेकराची निगा करावी तसं करावं लागतं, थंडीत पोतं गुंडाळायचं, रोज एकदा ढवळायचं, जास्त ढवळलं तर हवा शिरून बिघडतो.

आज मिलमध्ये हेच काम हायड्रोस नावाचं केमिकल करतं, दहा मिनिटांत. माठाला आठवडा लागतो. म्हणून तो मागं पडला, वाईट होता म्हणून नव्हे.

आणि रंगाच्या इतिहासात एक बघा. १८५६ ला पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला लंडनमध्ये मलेरियाचं औषध करता करता कोळशाच्या डांबरातनं जांभळा रंग मिळाला, तिथनं कृत्रिम रंग सुरू. १८९७ ला जर्मनीत बीएएसएफनं कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. ज्या निळीसाठी चंपारणमध्ये शेतकऱ्यांवर जुलूम झाला, १९१७ ला गांधीजींना तिथं जावं लागलं, ती पण काही गोरगरिबांच्या भल्याची नव्हती. म्हणजे नैसर्गिक म्हटलं की सगळं चांगलंच, असं मी नीळवाला असूनही म्हणणार नाही. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, मजुरी किती, हे विचारावंच लागतं. १९८३ मध्ये तर अमेरिकेत ई कोलायमध्ये दुसऱ्या बॅक्टेरियाचे जीन घालून त्याच्याकडनं नीळ तयार करून दाखवली, म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली, तरी आपल्या जीन्सची नीळ अजून कारखान्यातलीच. का? तर किमतीला टिकत नाही. काका म्हणतात तो हिशोब तिथं पण आडवा आला.

सुतीवर रंग चढत नाही म्हणालात, हिरडा लावून बघितलात का? हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, मग तुरटी, मग रंग. सुताला स्वतःचं असं काही धरायला नसतं, टॅनिन लावलं की हात मिळतो त्याला. आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायला तोच हिरडा आणि बाभळीची साल वापरतात, सुभाषनगरला विचारा, भरपूर मिळेल.

सई_रंकाळा

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. टाकळ्याचं बी! मी दर पावसाळ्यात ती भाजी करते आणि हे ठाऊक नव्हतं. हिरडा उद्याच आणते.

मळीचा_वास

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, आयडीवरून कळलं असेलच. सई मॅडम गुळाऐवजी मळी वापरायचा विचार तुमच्या मनात येणारच, कारण स्वस्त आहे आणि आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. म्हणून आधीच सांगतो. मळीत साखर अर्धी, बाकी क्षार आणि काळा रंग. तुमचा जांभळा त्या काळ्यातनं वेगळा काढता काढता दमाल. आणि तुमच्याच अनुभवाप्रमाणं साखर जास्त झाली की रंग कमी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उरलेलं ब्रॉथ. डिस्टिलरीचं स्पेंट वॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) नदीत सुटलं की काय होतं ते पंचगंगेच्या काठच्या माणसाला सांगायला नको, सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. त्यात विष असतं असं नाही, त्यात खाणं असतं. ते खायला नदीतले बॅक्टेरिया तुटून पडतात, पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. त्यालाच आम्ही बीओडी म्हणतो. तुमचं ऑटोक्लेव्ह केलेलं ब्रॉथ निर्जंतुक असंल, पण त्यातलं पेप्टोन (बॅक्टेरियाचं प्रथिनाचं खाणं), ग्लिसरीन, मेलेल्या पेशी तशाच आहेत. पाच फ्लास्कचं काही नाही. पाच हजार लिटरच्या टाकीचं झालं की तुम्ही पण नदीला तेच देणार जे आम्ही दिलं. म्हणून बायोगॅसची टाकी पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरा, नंतर जोडू म्हणाला तर ती कधीच जोडली जात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जिगरवाला

मळी साहेबांनी लाख मोलाचं लिहिलं. आणि एक, कुणीतरी इथं २०१२ ची इचलकरंजीची कावीळ काढायच्या आधी सांगतो. ती साथ पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यानं आलेली, कापडाच्या रंगानं नाही. माणसं गेली त्यात, आमच्या गल्लीतलं एक घर होतं. दोन्ही दुखणी वेगळी आहेत, दोन्हीवर वेगळा इलाज लागतो, एकाच्या नावावर दुसरं खपवू नका.

ताई, मला तुमच्या सिल्कचा तुकडा द्या, मी आमच्या लॅबमध्ये वॉश फास्टनेस आणि लाईट फास्टनेस, म्हणजे धुलाईत आणि उन्हात रंग किती टिकतो ते, काढून देतो. धुलाई एक ते पाच, ऊन एक ते आठ, आकडा जितका मोठा तितका रंग पक्का, जे येईल ते इथं लिहायचं.

सई_रंकाळा

काका, रविवारी आणून देते. हिरडा-तुरटीवर केलेलं सुती पण देते बरोबर.

मळी साहेब, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली. खरंच सांगते, मी रंग तयार कसा होतो एवढंच बघत होते, उरलेलं ब्रॉथ कधी मोजलंच नव्हतं. काल मोजलं. एक लिटर ब्रॉथ केलं की साडेनऊशे मिलि परत मोरीतच जातं. आता मुलांना सांगितलंय, प्रत्येक बॅचला रंग किती निघाला त्याच्या शेजारच्या रकान्यात मोरीत किती गेलं आणि त्याचा बीओडी किती, दोन्ही लिहायचं. एक रकाना रिकामा असेल तर बॅच धरायची नाही.

इंग्लंडमध्ये कलरिफिक्स म्हणून एक कंपनी आहे, केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये काढलेली, ते रंग वेगळा काढतच नाहीत. रंग करणाऱ्या पेशी साखरेवर वाढवतात, त्या पेशींसकट द्रव कापडाच्या मशीनमध्ये घालतात आणि तापवून पेशी फोडतात, रंग तिथंच कापडात बसतो. काढायचं अल्कोहोल वाचलं, वेगळं डाईंगचं पाणी वाचलं. त्यांचे बॅक्टेरिया जीन बदललेले आहेत, ते आपल्याला कॉलेजात करायचं नाही. पण उकळताना ब्रॉथसकट उकळायचं, हे मी करू शकते. ब्रॉथ हेच डाईंगचं पाणी. तसं केलं की निदान एक पाणी कमी होईल.

वळीव_शिरोळ

ताई काल संध्याकाळी पाऊस झाला आमच्याकडं. माती भरून ठेवलीय डब्यात, झाकण सैल ठेवलंय, बरोबर ना? मुलगी म्हणते मलापण लॅब बघायचीय. नववीला आहे.

सई_रंकाळा

सैलच ठेवा, सावलीत. आणि मुलीला नक्की आणा.

जिगरवाला

रिझल्ट आलेत. जसे आहेत तसे लिहितो.

सिल्क, धुलाई ३ ते ४. चांगलं आहे, मला एवढी अपेक्षा नव्हती. ऊन १ ते २. हे वाईट. सुती हिरड्यावर, धुलाई २ ते ३, ऊन १. तुकड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाखाली होता, तो काढल्यावर मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ दिसली, एकीकडं जांभळं, एकीकडं करडं. आमच्या लॅबमधली पोरं म्हणाली काका हे तर चालायचं नाही. मी म्हटलं थांबा. शर्टाला, साडीला चालणार नाही बरोबर आहे. पण आतनं लावायचं अस्तर आहे, पेटीतल्या शालीची किनार आहे, देवघरातलं वस्त्र आहे, ज्याला ऊन लागतच नाही. तिथं १ ते २ वर काम भागतं का ते बघायला पाहिजे. आणि मीठ शून्य, हे मी आमच्या मालकांना दोनदा सांगितलं.

सई_रंकाळा

काका, करड्या बाजूचा तुकडा फेकू नका, मला पाहिजे. तो लॅबच्या भिंतीवर लावणार आहे, जांभळ्या तुकड्याच्या शेजारी.

या आठवड्यात ब्रॉथसकट उकळून बघितलं. सिल्क थोडं फिकं आलं पण सगळीकडं सारखं आलं. उरलेलं पाणी जवळजवळ पारदर्शक होतं, हलकी पिवळी झाक, म्हणजे रंग बराचसा कापडानं घेतला. बीओडी काढायला लावलाय, पाच दिवसांनी आकडा येईल. मळी साहेब, तुमच्याकडं छोटा बायोगॅसचा डेमो आहे म्हणाला होता फोनवर, त्यात हे पाणी घातलं तर गॅस सुटतो का बघायचंय, वीस लिटर साठवून ठेवलंय.

मळीचा_वास

शनिवारी सकाळी या. कॅनला झाकण घट्ट लावून आणा, गाडीत सांडलं तर वास आठवडाभर जात नाही.